दहावी सही

जनाबियातल्या परुळेकरांच्या घरी शुक्रवारचं जेवण दीडला सुरू होतं आणि साडेतीनपर्यंत पानावरून कोणी उठत नाही, हा नियम स्मिताने बहरीनला आल्या आल्या घालून दिला होता. एकवीस वर्षांत तो एकदाच मोडला, स्पृहा जन्मली त्या शुक्रवारी. या शुक्रवारी मात्र पावणेदोनलाच हेमचंद्रने ताट बाजूला सारलं, शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि मुलीच्या वाटीशेजारी ठेवला.

"यावर सही कर. आजच ईमेल करून टाकू. रविवारी हिअरिंगला जायची वेळच येणार नाही. विषय खलास."

स्पृहाने डाव्या हाताने कागद उलगडला. ती सखीरच्या युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला होती आणि वडिलांनी दिलेली कुठलीही गोष्ट मोठ्याने वाचायची तिला लहानपणापासूनची सवय होती, औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांसकट. कागद इंग्रजीत होता. तिने पहिली दोन वाक्यं वाचली आणि तिसऱ्यावर तिचा आवाज हळू झाला. सदर कार्यक्रमाचं आयोजन मनाली बाळाजी परुळेकर हिने स्वतःच्या जबाबदारीवर केलं, माझा सहभाग केवळ प्रेक्षक म्हणून होता, असा त्याचा अर्थ होता.

"प्रेक्षक?" स्पृहा म्हणाली. "बाबा, सीरियसली? आय ड्रू द एलिफंट!"

टेबलाच्या पलीकडे मनाली बसली होती. तिच्या एका बाजूला वडील बाळाजी, एका बाजूला आई मालू. झिंज भागातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून ही तिघं दर शुक्रवारी न चुकता यायची, येताना मालूच्या हातचं काहीतरी घेऊन. आज सोलकढी होती. मनालीने आपल्या पेल्यातली सोलकढी शांतपणे संपवली आणि पेला खाली ठेवला. वाढायची पळी हातात धरून स्मिता तशीच उभी राहिली. नवऱ्याला भीती वाटते हे तिला ठाऊक होतं. भीतीपोटी तो असलं काही लिहील, आणि ते या तिघांच्या पानात जेवण असताना बाहेर काढील, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. तिला त्याची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

प्रकरण मुळात एवढंसं होतं. गेल्या वर्षी मनाली आणि स्पृहाने युनिव्हर्सिटीत मुलींचा एक गट जमवला होता. नवी मुलगी आली की एक मोठी मुलगी तिची ताई व्हायची. कुठली बस कुठून सुटते, दवाखान्यात सोबत कोण येणार, घरची आठवण आली की कोणाच्या गळ्यात पडायचं, हे सगळं ताईने बघायचं. मराठी मुली सहाच. बाकी मल्याळी, फिलिपिनो, बहरीनी, पाकिस्तानी. गटाचं नाव ‘फेर’. आणि या नवरात्रात त्यांनी लायब्ररीमागच्या हिरवळीवर भोंडला केला. प्लायवूडवर खडूने हत्ती काढला, त्याच्याभोवती एकेचाळीस मुलींनी हात धरून फेर धरला, आणि मधोमध टेप लावून बंद केलेला स्टीलचा डबा. खिरापतीचा.

घात केला तो उत्साहाने. स्पृहाने इन्स्टाग्रामवर लिहून टाकलं होतं, ‘बहरीनची पहिली सोरॉरिटी, खाऊसकट!’ सोरॉरिटी म्हणजे अमेरिकन कॉलेजांतलं शपथा घेणारं मुलींचं मंडळ. आणि मनालीने व्हॉट्सअॅपवर नियम टाकले होते: डबा उघडायचा नाही, आत काय आहे ते मेलात तरी सांगायचं नाही. भोंडल्याला गेलेल्या कुठल्याही मराठी बाईला यात काही वावगं दिसलं नसतं, खिरापत ओळखायचीच असते. पण कोणीतरी त्याचं फोनमध्ये भाषांतर करून विद्यार्थी-कल्याण विभागाला पाठवलं. भोंडल्याच्या संध्याकाळी सिक्युरिटीच्या हमझाने हिरवळीवर येऊन डब्यात काय आहे असं विचारलं होतं आणि मनालीने हसत सांगितलं होतं, "सांगता येत नाही." हमझाने आपलं काम केलं, रिपोर्ट लिहिला.

बुधवारी नोटीस आली. युनिव्हर्सिटी फ्रॅटर्निटी, सोरॉरिटी किंवा गुप्त शपथ घेणाऱ्या कुठल्याही संघटनेला मान्यता देत नाही. मान्यता नसलेल्या गटाने वीसपेक्षा जास्त विद्यार्थी जमवणं हा शिस्तभंग. हिरवळीसाठीच्या अर्जावर नाव मनालीचं होतं, म्हणून नोटीसही मनालीला. नोंद झाली तर स्कॉलरशिप जाणार, आणि स्कॉलरशिपशिवाय तिचं शेवटचं वर्ष होणं शक्य नव्हतं. सुटका एकाच वाटेने होती. रविवारच्या हिअरिंगमध्ये गटाच्या मान्यतेचा अर्ज करायचा. तो मंजूर झाला तर नोंद होणार नाही. अर्जाला एक प्राध्यापक सल्लागार हवा होता, त्या इंग्रजीच्या डॉ. नाझिश झाल्या. आणि दहा सभासद हवे होते, प्रत्येकीच्या नावापुढे पालकाची सही, तीही प्रवेश-अर्जावर ज्याचं नाव आहे त्याचीच, म्हणजे बहुतेक घरांत वडिलांची. नोटीस आल्यावर एकेचाळीस मुलींच्या घरी काय काय झालं असेल ते असो, दोन दिवसांत सह्या झाल्या नऊ.

दहावी या टेबलावर व्हायची होती.

"काका," मनाली म्हणाली, "माझं नाव लिहिलंत ते चुकीचं नाहीये. हिरवळ मीच मागितली होती. पण अर्जावर तुमची सही झाली तर हे पत्र लागणारच नाही."

"मनाली, तू हुशार आहेस, म्हणून तुला स्पष्ट सांगतो. हे पुणे नाही. इथे आपण कामाला आलोय. संघटना, मान्यता, सभा भरवायचा हक्क, हे शब्द आपल्या तोंडात कशाला? तू कबूल कर, माफी माग, ते लोक सोडून देतील."

"नाही सोडले तर?"

हेमचंद्रने पाण्याचा पेला उचलला.

"हे पुणे नाही म्हणे," स्मिता एकदम म्हणाली. तिने पळी आमटीत ठेवून दिली. "मनाली, तुझ्या काकाचं पुणं तुला माहीत नाही. मेसच्या आमटीत डाळ सापडत नाही म्हणून दीडशे पोरं घेऊन हा माणूस रेक्टरच्या दारात बसला होता. दोन दिवस! मी लग्नाला हो म्हटलं ते ती गोष्ट ऐकून."

"तेव्हा माझ्या खिशात कोणाचा व्हिसा नव्हता, स्मिता!" हेमचंद्रचा आवाज चढला. "आता तुझा आहे, स्पृहाचा आहे. उद्या कोणी ऑफिसात फोन करून विचारलं की परुळेकरांची मुलगी कसल्या गुप्त सोसायटीत आहे, तर मी काय सांगू? आणि नुसतं माझंच आहे का? हा बाळाजी आहे. याचा संसार आहे. याची सही तर पहिली! अरे, तू वाचलंस तरी का कशावर सही करतोयस ते?"

सगळ्यांनी बाळाजीकडे पाहिलं.

•

बाळाजी लॉन्ड्री कंपनीची गाडी चालवायचा. हॉटेलांच्या चादरी न्यायच्या, धुतलेल्या आणायच्या. सकाळी पाच ते दुपारी तीन अशी शिफ्ट, आणि शुक्रवारी सुट्टी. एकोणीस वर्षांपूर्वी हेमचंद्रने, म्हणजे त्याच्या सख्ख्या चुलतभावाने, त्याला कुडाळहून इथे आणलं होतं. तेव्हापासून या घरात बाळाजी खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसायचा. हेमूने फ्रिज घे म्हटलं की फ्रिज घ्यायचा, मनालीला इंग्रजी शाळेत घाल म्हटलं की घालायचा. हेमूचा सल्ला कधी चुकला नव्हता, हेही खरंच. शाळेचा सल्ला तर सोन्यासारखा ठरला. त्यामुळे नाही म्हणायची वेळच आली नव्हती, आणि आता आली तर शब्द कुठून आणायचे ते त्याला कळेना.

मालूने टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावला. बोल, असा त्याचा अर्थ होता. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्याचा दुसरा अर्थ कधी झाला नव्हता.

"माका इंग्रजी वाचूक येना नाय," बाळाजी म्हणाला. "पण माझ्या चेडवाचा नाव वाचूक येता. ता या कागदात पण आसा नि त्या कागदात पण आसा. खयच्या कागदात कसा लिवलेला आसा, तेवढा माका कळता, हेमू."

"बाळाजी, मी तुझ्याच भल्यासाठी—"

"माझो व्हिसा माझ्या कंपनीचो आसा. बारा वर्सां झाली." तो हे रागाने म्हणाला नाही. एखादी विसरलेली गोष्ट आठवण करून द्यावी तसा म्हणाला. "तू माका हंय हाडलंस, ता मी इसरूक नाय. मरासर इसरूचंय नाय. पण म्हणान माझा चेडू मान खाली घालूचा नाय."

बाहेर शेजारच्या व्हिलातला एसी घरघरत होता. बाळाजी खुर्चीत मागे टेकून बसला आणि टेकल्यावर त्याच्या लक्षात आलं की ही खुर्ची चांगली ऐसपैस आहे.

"वैनी," तो म्हणाला, "वायच भात वाढा बघू."

स्मिताने भात वाढला, त्यावर आमटी वाढली, आणि मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "ते ‘मेलात तरी सांगायचं नाही’ आहे ना, ते माझं वाक्य आहे. या कंपाउंडमध्ये दर वर्षी भोंडल्याला मी ते पोरींना बजावते. मनालीने फक्त टाइप केलं. त्यामुळे रविवारी मी जाणार आहे. तू सही कर नाहीतर नको करूस. स्पृहा, ते पत्र बाबांना परत दे. जेवणाच्या टेबलावर कागद नकोत."

स्पृहाने पत्राची घडी घातली आणि वडिलांपुढे सरकवली. मग उठून टेबलाला वळसा घालून ती मनालीशेजारी जाऊन बसली, स्वतःचं ताट घेऊन. मालूने सरकून तिला जागा करून दिली.

हेमचंद्र टेबलाच्या त्याच्या बाजूला एकटा राहिला.

•

शनिवार त्याला कोणीच काही न बोलता गेला. चहा मिळाला, जेवण मिळालं, इस्त्रीचे कपडे मिळाले. भांडण झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्यातल्या कामाच्या पहिल्याच दिवशी, त्याने ऑफिसला दुपारपर्यंतची रजा कळवली. कारण विचारायला फोन आला तेव्हा तो ‘फॅमिली मॅटर’ म्हणाला. सकाळी सातला स्वयंपाकघरातून आवाज यायला लागले. बाळाजी पहाटे कामावर जाताना मालूला आणि मनालीला जनाबियात सोडून गेला होता. दोन्ही बायका कढईपाशी उभ्या होत्या. हेमचंद्र दारात आला तसं स्मिताने ताटावर फडकं टाकलं.

"काय करताय?" त्याने विचारलं.

"सांगता येत नाही," मालू म्हणाली, आणि तिघी हसल्या. स्पृहाही हसली, तोंडावर हात ठेवून.

त्याला हसू आलं नाही, पण तिथून हलावंसंही वाटलं नाही. एकवीस वर्षं हा भोंडला त्याच्या घरासमोर होत आला होता. संध्याकाळी ऑफिसातून यायचा तेव्हा बायका पांगलेल्या असायच्या आणि ओट्यावर एका वाटीत त्याच्या वाटणीचं झाकून ठेवलेलं असायचं. ओलं की कोरडं, गोड की तिखट, वाजतं की वाजत नाही, हे प्रश्न त्याने कधी विचारलेच नव्हते. इतकी वर्षं तो नुसतं खात आला होता.

गाडी त्यानेच काढली. सोडायला येतो, एवढंच म्हणाला. रियर-व्ह्यू आरशात त्याला मनाली दिसत होती. तिने मांडीवर स्टीलचा डबा धरला होता, झाकणाला टेप लावलेला. डब्याखाली निळी फाइल, त्यात तो अर्ज. सखीरच्या रस्त्याला लागल्यावर डाव्या हाताला रेसच्या ट्रॅकचे उंच स्टँड दिसायला लागले. ही पोरगी सात वर्षांची असताना इथल्या गाड्यांचा आवाज ऐकून घाबरली होती आणि बाळाजीला शिफ्ट होती म्हणून ती हेमचंद्रच्या खांद्यावर बसली होती. कानांवर त्यानेच हात ठेवले होते. तिला आठवत असेल की नाही कोण जाणे.

त्याने घातलेला शर्ट शुक्रवारचाच होता, धुऊन इस्त्री केलेला. ते पत्र मात्र स्मिताने धुण्याआधी खिशातून काढलं होतं आणि इस्त्री झाल्यावर पुन्हा खिशात ठेवलं होतं. त्याच्या छातीवर ते टोचत होतं. फेकून द्यायचं तरी बायकोसमोर कसं फेकायचं, एवढ्या विचारात तो युनिव्हर्सिटीच्या गेटपाशी पोचला.

गेटवर हमझा होता. त्याने डबा पाहिला, मनालीला पाहिलं.

"अगेन?" तो म्हणाला.

"अगेन," मनाली म्हणाली. "यल्ला, चला, तुम्हालाही बोलावलंय ना साक्षीला?"

•

हिअरिंगची खोली लांबट होती आणि एसीने गारठली होती. मनालीला मागच्या भिंतीपाशी बाबा उभे दिसले, लॉन्ड्रीच्या निळ्या युनिफॉर्ममध्ये, खिशाला डिलिव्हरीचं पेन लावून, आणि मग तिला एकदम बरं वाटलं. दोन हॉटेलांच्या मध्ये त्यांनी तासभर मागून घेतला होता.

समोर विद्यार्थी-कल्याण विभागाचे प्रमुख डॉ. महमूद, दोन्ही बाजूंना समितीचे दोघं. कडेला डॉ. नाझिश. बोलणं सगळं इंग्रजीत.

"मिस मनाली," डॉ. महमूदनी रिपोर्टवरून नजर वर केली. "सगळ्यात आधी मला हे सांगा, हत्ती कशासाठी?"

"पावसाचा असतो, सर."

"बहरीनमध्ये?"

"म्हणून तर चित्र काढावं लागतं."

डॉ. नाझिशनी ओठ दाबून धरले. डॉ. महमूदनी पान उलटलं.

"सोरॉरिटी हा शब्द कोणाचा?"

"माझा," स्पृहा उभी राहिली. "तो विनोद होता, सर. फक्त मलाच कळला, बहुतेक."

"आणि ही शपथ? ‘मेलात तरी’?"

"ते माझं," स्मिताकाकू उठल्या. त्यांनी साडी नेसली होती, बँकेत कामाला जाताना नेसतात ती. "ही शपथ नाही, खेळ आहे. डब्यात खाऊ असतो. फेर झाल्यावर मुलींनी तो ओळखायचा. आधीच कळलं तर मजा काय राहिली? माझ्या आईने मला असंच बजावलं होतं आणि तिला तिच्या आईने. या मुलीने फक्त आमचं बोलणं लिहून काढलं. लिहिलेलं किती भयंकर दिसतं ते मलाही बुधवारीच कळलं."

समितीतले एक गृहस्थ हसले आणि लगेच गंभीर झाले. "मॅडम, खेळ ठीक आहे. पण प्रश्न वेगळा आहे. मान्यता नसताना एकेचाळीस विद्यार्थिनी जमवल्या गेल्या. मान्यतेशिवाय जमाव चालू दिला तर आम्ही कुठे थांबायचं?"

ते मनालीकडे बघत होते. ती उभी राहिली. तिने रात्रभर पाठ केलेलं भाषण होतं, हक्क आणि विद्यार्थीजीवन वगैरे शब्दांचं. ते तिने सोडून दिलं.

"सर, दुपारी एक वाजता कॅन्टीनमध्ये तीनशे मुलं असतात. त्यांना कोणी विचारत नाही. आम्ही एकमेकींचे हात धरले म्हणून आम्हाला विचारलं. विचारा, त्याला माझी ना नाही, म्हणून तर अर्ज आणलाय. पण आम्ही काय करतो तेही ऐका. पहिलं अख्खं वर्ष मी या कॅम्पसवर कोणाशीच बोलत नव्हते. बसमध्ये पुढच्या सीटवर बसायची आणि उतरायची. मला वाटायचं, सगळ्यांचे वडील ऑफिसात जातात, माझे चादरी पोचवतात, मला कोण विचारणार? मग एक मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. ती ही स्पृहा. माझी बहीणच, तरी युनिव्हर्सिटीत येऊन बसली हे महत्त्वाचं. त्या दिवशी आमचा गट दोघींचा होता. तो एकेचाळीसचा झाला म्हणून चुकीचा झाला का? आम्हाला लपून जमायचं नाही. तुमच्या हिरवळीवर, उजेडात, तुमच्या परवानगीने जमायचंय. म्हणून मान्यता हवी."

डॉ. महमूदनी निळी फाइल पुढे ओढली आणि बोटाने सह्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"नऊ," ते म्हणाले. "मिस मनाली, तुमचं म्हणणं मला पटतंय. पण नियम दहाचा आहे. तो मी केलेला नाही, आणि मी मोडणारही नाही."

मनालीला हे माहीतच होतं. तरीही तिने फाइलकडे पुन्हा पाहिलं. दहाव्या ओळीवर स्पृहाचं नाव आणि सही होती. पुढे पालकाचा रकाना रिकामा. स्पृहाने मान वळवून मागे पाहिलं नाही. मनालीनेही पाहिलं नाही. आता मागायचं नाही, असं दोघींनी गाडीतच नजरेने ठरवलं होतं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी हेमचंद्र परुळेकर," काका म्हणाले. ते सोडायला म्हणून आले होते आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. "दहाव्या मुलीचा बाप. उशीर झाला, त्याबद्दल सॉरी." ते टेबलापाशी आले आणि खिसे चाचपू लागले. पेन नव्हतं. युनिफॉर्मच्या खिशातलं पेन काढून बाबा पुढे आले.

"घे, हेमू."

काकांनी सही केली. नेहमीची ऑफिसातली छोटी सही नाही, पूर्ण नाव लिहिलं. पेन परत देताना त्यांनी बाबांच्या हाताला क्षणभर धरून ठेवलं. बाबांनी नुसती मान हलवली.

समितीचे तिघे खालच्या आवाजात अरबीत काहीतरी बोलले. मग डॉ. महमूदनी चष्मा काढला. "एका सेमिस्टरपुरती मान्यता. शिस्तभंगाची नोंद होणार नाही. अटी तीन. सोरॉरिटी हा शब्द काढा. ज्या मुलीला यायचंय तिला दार उघडं ठेवा. आणि अशा कार्यक्रमाच्या आधी डब्यात काय आहे ते आम्हाला कळवायचं. सुरक्षेचा प्रश्न आहे."

स्पृहाने मनालीचा हात घट्ट दाबला. मनालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती हसत होती. "पहिल्या दोन मान्य, सर. तिसरी जमणार नाही."

"मनाली!" स्मिताकाकू पुटपुटल्या.

"कळवलं तर ओळखणार काय? हवं तर मी एकट्या हमझाभाईंना सांगेन. पण त्यांनीही कोणाला सांगायचं नाही."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. हमझाने छातीवर हात ठेवला. "वल्ला, मेलो तरी नाही," तो म्हणाला, आणि खोलीत हशा पिकला.

"ठीक आहे," डॉ. महमूद म्हणाले. मग टेबलावरच्या डब्याकडे त्यांनी हनुवटीने खूण केली. "आणि या डब्यात?"

"ओळखा, सर. तीन प्रश्न विचारता येतील."

ते खुर्चीत सरसावून बसले. गोड का? नाही. मनालीने डबा हलवला, वाजला नाही. म्हणजे मऊ. समोसा? नाही. सोबतचे गृहस्थ म्हणाले पराठा, डॉ. नाझिश म्हणाल्या कबाब. सगळं चूक.

"कोथिंबीर वडी," काका म्हणाले. "वरून तीळ. थोडी जास्तच खरपूस झालीय, दुसरा घाणा." सगळे बघायला लागले तसे ते ओशाळले. "गाडीत वास येत होता. एकवीस वर्षं उरलेली मीच खातो."

टेप निघाला. वड्या अजून कोमट होत्या. पण ताटल्या आणायच्या राहून गेल्या होत्या, आणि कोणीतरी कागदी नॅपकिन शोधायला निघालं.

"थांबा," काका म्हणाले. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, उलगडला आणि टेबलावर पसरला. इस्त्रीमुळे अगदी सपाट झाला होता. "यावर ठेव. दुसऱ्या कशाला तो उपयोगाचा नाही."

मनालीने ओळखला. छापलेली बाजू वर होती आणि तिसऱ्या ओळीत तिचं पूर्ण नाव होतं, उलटं असलं तरी वाचता येत होतं. काकांना ते दिसतंय हे तिला दिसलं. त्यांनी नजर चुकवली नाही, आणि ते सोपं नव्हतं हेही तिला कळलं.

तिने डब्यातली सगळ्यात मोठी वडी उचलली आणि नेमकी आपल्या नावावर ठेवली. तेल कागदात भराभर पसरलं आणि अक्षरं बुडून गेली.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही ओळखलीत. पहिली तुमची."